रेडिओहेडच्या गाण्यांतला माणूस सारखा गायब का होतो?

जुळे_सोलापूर
मंडळी, प्रश्न माझा नाही, लेकीचा आहे. अकरावीला आहे. गेल्या वर्षी रील्समधून तिला 'लेट डाउन' सापडलं. 1997 चं गाणं, ते कधी विक्रीसाठी सिंगल म्हणून, म्हणजे सुटं, निघालंसुद्धा नव्हतं, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत जाऊन बसलं. पोरीने मग माझा सगळा साठा उपसला. परवा रात्री जेवताना कडक भाकरी मोडता मोडता म्हणाली, "बाबा, यांच्या गाण्यांतला माणूस सारखा गायब का होतो? कधी तरंगत जातो, कधी मी इथे नाहीच म्हणतो, कधी सगळ्यांना सोडून पाण्यात उतरतो."

मी 1998 पासून ऐकतोय. घास हातातच राहिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : रेडिओहेड हा रॉक बँड म्हणजे इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधल्या अ‍ॅबिंग्डन शाळेतली ही पाच पोरं. थॉम यॉर्क, एड ओब्रायन, फिल सेलवे आणि ग्रीनवुड बंधू, थोरला कॉलिन आणि धाकटा जॉनी. 1985 मध्ये एकत्र आली ती आजतागायत तीच पाच. 1992 मध्ये 'क्रीप' हे गाणं, मग अल्बम, 1993 मध्ये 'पाब्लो हनी', 1995 मध्ये 'द बेंड्स', 1997 मध्ये 'ओके कॉम्प्युटर', 2000 मध्ये 'किड ए', आणि शेवटचा अल्बम 2016 चा 'अ मून शेप्ड पूल'.

माझं मत असं की उत्तर यंत्रात आहे. यंत्रं माणसाची जागा घेतात, म्हणून माणूस पुसट होत जातो. पण लेकीला ते पटलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

भाकरी_चटणी
सोलापुरात रेडिओहेड ऐकणारा मी एकटाच आहे असं वीस वर्षं समजत होतो. आधी हे सांगा, राहता कुठं?

शुक्रवार_पेठ
या बँडचं पहिलं नाव 'ऑन अ फ्रायडे' होतं, कारण शाळेच्या संगीत खोलीत तालीम शुक्रवारी व्हायची. आमच्या पेठेचा बँड म्हणून मी त्यांना केव्हाच दत्तक घेतलंय. 1991 मध्ये रेकॉर्ड कंपनीशी करार झाल्यावर कंपनीनेच नाव बदला म्हटलं. मग टॉकिंग हेड्स या बँडच्या एका गाण्यावरून 'रेडिओहेड' झालं.

त्या तालमींतला जॉनीचा किस्सा मला फार आवडतो. हा सगळ्यात लहान. आधीचा कीबोर्डवाला फार मोठ्याने वाजवायचा म्हणून बाहेर पडला होता. त्यामुळे जॉनीने काही महिने कीबोर्ड बंद ठेवूनच बोटं फिरवली. बाकीचे म्हणायचे, तुझं नीट ऐकू येत नाही, पण तू असलास की गाणं भरल्यासारखं वाटतं. घरी जाऊन तो खरोखरच्या सुरावटी शिकायचा आणि मग हळूहळू आवाज वाढवायचा. लेकीला सांगा, गायब माणूस बँडमध्येच होता.

मागवाला
जुळे सोलापूर, तुमच्या यंत्राच्या मुद्द्याला माझा पाठिंबा, पण जरा वेगळ्या अंगाने.

आमचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जकार्ड मागावर होते. चादरीवरचा मोर किंवा फूल कसं उठतं माहीत आहे ना? मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. कार्डाला भोक असेल तिथला ताण्याचा दोरा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि मधून धोटा बाणा घेऊन निघतो. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच गोष्टींवर अख्खी चादर. संगणकाची पंच कार्डं याच कल्पनेतून आली. 'ओके कॉम्प्युटर' हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर वडिलांचा मागच आला.

त्या अल्बमच्या मधोमध 'फिटर हॅपियर' आहे. त्यात कुणी गात नाही, मॅकिंटॉश संगणकाचा आवाज सपाटपणे वाचत जातो. नीट खा, व्यायाम कर, सहकाऱ्यांशी पटवून घे, गाडी जपून चालव. एकही सल्ला चुकीचा नाही. तरी ऐकताना पोटात गोळा येतो, कारण सल्ला देणारा श्वास घेत नाही.

आणि 'इडिओटेक'. बारावीनंतर दोन वर्षं मी रात्रपाळी केली. शेडमध्ये चोवीस माग चालू असताना कानात 'इडिओटेक' लावलं की गाण्याचा ठोका कुठला आणि धोट्याचा कुठला हे कळायचं नाही. जॉनीने पन्नास मिनिटांचं यंत्रांचं रेकॉर्डिंग करून थॉमला दिलं, त्यातला काही सेकंदांचा तुकडा त्याला भावला, त्यावर गाणं उभं राहिलं. त्या तुकड्यात पॉल लान्स्की या संगीतकाराच्या 1973 च्या संगणकावर केलेल्या रचनेतले सूर होते. लान्स्कींची रीतसर परवानगी घेतली आणि त्यांना श्रेयही दिलं.

म्हणून माझं म्हणणं : यंत्र माणसाला पुसतं हे खरं. पण हे लोक यंत्रावर रागावून गिटार आपटत बसले नाहीत. यंत्राच्या आत शिरून गायले. वडीलही मागाला शिव्या द्यायचे नाहीत. दसऱ्याला हार घालायचे.

दहा_मात्रा
मी तबलेवाला, शब्दांचं मला कमी कळतं, म्हणून मात्रांवर बोलतो.

'लेट डाउन'च्या सुरुवातीची गिटार ऐका. गाणं चारचं आहे, जॉनीची गिटार पाचची. दोन्ही एकाच वेळी चालू. पाचाचा तुकडा चारावर सरकत जातो आणि वीस मात्रांनी परत गाठ पडते. म्हणून त्या गाण्यात पाय जमिनीवर असून सरकल्यासारखं वाटतं. हे गाणं सेंट कॅथरिन्स कोर्ट नावाच्या बाथजवळच्या जुन्या वाड्यात, पहाटे तीन वाजता, नाचाच्या दालनात रेकॉर्ड केलंय. दालनाची ती पोकळी ऐकू येते.

'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस' दहा मात्रांचं. '15 स्टेप' पाचाचं. 'टू प्लस टू इज इक्वल टू फाइव्ह'ची सुरुवात साताची. 'पॅरनॉइड अँड्रॉइड'मध्येही साताचे भाग आहेत. आपल्याकडे साताचा रूपक, आणि रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'वर, म्हणजे डग्ग्याविना वाजणाऱ्या मात्रेवर येते. म्हणजे जिथं सगळ्यांत ठाम थाप अपेक्षित, तिथंच डग्गा गप्प. 'व्हिडिओटेप' या गाण्यात तर पियानो समेवर आहे असं धरून आपण आख्खं गाणं ऐकतो आणि प्रत्यक्षात तो समेपासून सरकलेला असतो. सम आहे, वाजत नाही.

तर पोरीच्या प्रश्नाला माझं उत्तर : माणूस गायब होत नाही. तो 'खाली'वर उभा आहे.

विजापूर_वेस
दहा_मात्रा, क्या बात है. मी आज जाऊन 'व्हिडिओटेप' परत ऐकणार.

लक्ष्मी_विष्णू_चाळ
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. मला ही सगळी रडगाणी वाटतात. 'क्रीप' ठीक आहे, कॉलेजात असताना प्रत्येकाला वाटतंच आपण कुणालाच नको आहोत. पण पन्नाशी ओलांडल्यावरही तेच? ज्याला खायला-प्यायला भरपूर आहे त्याचं हे दुःख. आमच्या चाळीत मिल बंद पडली तेव्हा माणसं खरीखुरी गायब झाली. कोण भिवंडीला, कोण सुरतेला, कोण दारूत. कुणी त्यावर अल्बम काढला नाही.

भाकरी_चटणी
लक्ष्मी_विष्णू, मिलचं दुःख खरंच आहे, माझे मामा तिथंच होते. पण 'क्रीप'बद्दल एक सांगतो. स्वतः बँडलाच त्या गाण्याचा वैताग आला होता. रेकॉर्ड करताना गाणं फार मवाळ वाटलं म्हणून जॉनीने ते बिघडवायला कोरसच्या आधी गिटारचे ते कर्कश खटके मारले, आणि लोकांच्या लक्षात तेच राहिले. 1992 मध्ये इंग्लंडमध्ये चाललं नाही, आधी इस्रायलमध्ये रेडिओवर गाजलं, 1993 मध्ये पुन्हा काढल्यावर ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर गेलं. पुढे तर लोक या एका गाण्यासाठी यायचे आणि ते झालं की निघून जायचे. म्हणून त्यांनी 'माय आयर्न लंग' लिहिलं. ज्या यंत्रामुळे श्वास चालतो त्याच यंत्रात अडकलोय, अशा अर्थाचं. रडायचंच असतं तर 'क्रीप'सारखी आणखी दहा काढून पैसे केले असते.

उजनी_डावा_कालवा
यंत्राचं तुम्ही बोललात, पण यांच्या गाण्यांतलं सगळ्यांत जुनं यंत्र कुणी काढलंच नाही. गाडी.

1992 च्या त्यांच्या पहिल्या ईपीवर, म्हणजे छोट्या अल्बमवर, 'स्टुपिड कार' आहे. मग 'किलर कार्स'. मग 'ओके कॉम्प्युटर'चं पहिलंच गाणं 'एअरबॅग'. थॉमला तरुणपणी, 1987 मध्ये, गाडीचा अपघात झाला होता आणि ती भीती तो वर्षानुवर्षं गाण्यांतून काढत राहिला.

मला हे का कळतं ते सांगतो. सहा वर्षांपूर्वी पुण्याहून येताना टेंभुर्णीच्या अलीकडे आमच्या गाडीला मागून ट्रेलरची धडक बसली. पहाटेचे पाच. गाडी दुभाजकावर चढली, दोन्ही एअरबॅगा फुटल्या. गाडीत पांढरी भुकटी आणि जळक्या फटाक्यासारखा वास. बायको म्हणाली, "मी आहे." एवढंच. मी चष्मा शोधत होतो, तो माझ्याच कपाळावर चढला होता. बाहेर उसाच्या गाड्या आमच्या शेजारून निघून जात होत्या.

नंतर महिनाभर मला प्रत्येक गोष्ट चकचकीत दिसायची. चहाचा कप, गेटची कडी, सगळं. 'एअरबॅग' मी पंधरा वर्षं ऐकत होतो, पण ते अपघाताचं नाही, अपघातानंतरच्या त्या महिन्याचं गाणं आहे हे तेव्हा कळलं. त्यातला माणूस जग वाचवायला परत आलोय असं म्हणतो. ते रडगाणं नाही हो लक्ष्मी_विष्णू. तो माणूस आनंदाने वेडा झालेला आहे.

लक्ष्मी_विष्णू_चाळ
कालवा, वाचून गप्प झालो. वहिनी बऱ्या आहेत ना आता?

उजनी_डावा_कालवा
ठणठणीत. आता गाडी तीच चालवते.

पार्क_चौक_07
माझा अनुभव जरा आनंदाचा. 10 ऑक्टोबर 2007. 'इन रेनबोज' त्यांनी कुठल्याही कंपनीशिवाय स्वतःच्या संकेतस्थळावर काढला. किंमत तुम्ही ठरवा, शून्य टाकलं तरी चालेल. मी इंजिनिअरिंगला, पार्क चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत बसलो होतो. तास वीस रुपये. परदेशात चालेल असं कार्ड आमच्या घरात कुणाकडे नव्हतं. किंमतीच्या चौकटीत शून्य टाकलं आणि बटण दाबताना लाज वाटली. पान पुढे सरकलं, कुणी काही विचारलं नाही. 160 केबीपीएसच्या दहा फायली उतरायला दोन तास लागले, मध्ये एकदा लाइट गेली, परत पहिल्यापासून.

पहिला पगार झाल्यावर पुण्यात त्याची सीडी घेतली. आजही सीलबंद आहे, कारण सीडी प्लेअर नाही. पण ते शून्य फेडायचं होतं.

विजापूर_वेस
लई भारी बे. मी पण शून्यच टाकलतो. सीडी मात्र राहिली.

सात_रस्ता
सगळे प्रेमाने बोलताय, मी एक टोचणारी गोष्ट काढतो. 'हेल टू द थीफ' या अल्बमच्या नावातच 2000 सालच्या अमेरिकी निवडणुकीवरचा रोख होता. सत्ता, पाळत, हवामान, सगळ्यावर यांनी गाणी केली. आणि 2017 च्या जुलैत अनेक कलावंतांनी पॅलेस्टाइनच्या प्रश्नावरून जाहीर पत्र लिहून नको म्हटलं असताना इस्रायलमध्ये तेल अवीवला कार्यक्रम केला. तेव्हापासून मी पूर्वीसारखं ऐकू शकत नाही. गाण्यातला माणूस गायब होतो तो कधीकधी जबाबदारीतून होतो, हाही अर्थ लेकीसमोर ठेवा.

शुक्रवार_पेठ
सात_रस्ता, मला पटत नाही. थॉमची बाजू तेव्हाच स्पष्ट होती, एखाद्या देशात वाजवणं म्हणजे तिथल्या सरकारला पाठिंबा नव्हे. तो लपला नाही, उत्तर देऊन गेला.

सात_रस्ता
उत्तर दिलं हे मान्य. मला ते पुरलं नाही एवढंच. गाणी अजून माझीच आहेत, म्हणून तर बोलतो.

गड्डा_यात्री
अवांतर : जॉनी ग्रीनवुड आपल्याकडे येऊन गेलाय हे किती जणांना माहीत आहे? 'जुनून' हा अल्बम जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात रेकॉर्ड झाला, 2015 मध्ये आला. संगीतकार शाय बेन त्सूर, सोबत राजस्थानचे कव्वाल, मांगणियार लोककलावंत आणि ब्रासबँडवाले. पॉल थॉमस अँडरसनने त्यावर माहितीपटही केला. त्यात जॉनी कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला दिसतो, पुढे बँडवाले वाजवतायत. इतका मोठा माणूस, पण कुठेही पुढे पुढे नाही. शुक्रवार_पेठने सांगितलेल्या बंद कीबोर्डच्या पोराचाच हा मोठेपणीचा फोटो. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांसमोर वाजणारे बँड त्याने ऐकायला हवे होते.

कंबर_तलाव
गाडी, यंत्र, राजकारण सगळं झालं. पाणी राहिलं. धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये लेकीने पाण्याचं नाव घेतलंय आणि आपण सगळे त्याला वळसा घालून गेलो.

'नो सर्प्रायझेस'चा व्हिडिओ आठवा. एकच शॉट. थॉमचं डोकं काचेच्या गोलात, हनुवटीपासून पाणी चढत जातं, ओठ, नाक, डोळे. गाणं थांबत नाही पण गाणारा गप्प. मग पाणी उतरतं आणि तो परत गायला लागतो. 'पिरॅमिड साँग'मध्ये माणूस नदीत उडी मारतो आणि तिथे त्याला त्याची सगळी प्रेमाची माणसं भेटतात, आणि भीती उरत नाही. 'वीअर्ड फिशेस' समुद्राच्या तळाशी जातं. शेवटच्या अल्बमच्या तर नावातच तळं.

आणि ज्या गाण्यावरून लेकीचा प्रश्न निघाला असणार ते 'हाउ टू डिसअपिअर कम्प्लीटली'. 1997 मध्ये 'ओके कॉम्प्युटर'च्या दौऱ्यात थॉम पार थकला होता. डब्लिनमधल्या मोठ्या कार्यक्रमाच्या सुमारास त्याला स्वप्न पडलं की तो तिथल्या लिफी नदीवरून तरंगत चाललाय. आणि आर.ई.एम. या अमेरिकी बँडच्या मायकेल स्टाइपने त्याला उपाय सांगितला होता. फार झालं की स्वतःला सांग, मी इथे नाही, हे घडत नाहीये. गाण्याचा गाभा तोच आहे. म्हणजे ते मरणाचं गाणं नाही, पळण्याचंही नाही. उद्याचा कार्यक्रम करता यावा म्हणून केलेली युक्ती आहे.

मी परिचारिका आहे. अतिदक्षता विभागात रात्री काढते. रुग्णाचे नातेवाईक दारात उभे असतात, आत मॉनिटर वाजत असतो, आणि हात आपलं काम करत असतात. त्या वेळी मीही तिथे नसते. सकाळी सहाला ड्युटी सुटली की सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर दहा मिनिटं बसते, पाण्यात देवळाचं शिखर हलत असतं, आणि मग मी परत येते. आमच्या घरी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, पण तलाव रोज आहे.

जुळे सोलापूर, लेकीला सांगा, गायब होणं ही परत येण्याची तयारी असते. माझ्यापुरतं तरी.

मागवाला
तलावताई, नमस्कार. माझं यंत्र मागं घेतो.

दहा_मात्रा
मागं घेऊ नका. 'खाली' आणि 'भरी', रिकामी मात्रा आणि भरलेली, दोन्ही लागतात.

जुळे_सोलापूर
सगळ्यांचे आभार. काल रात्री पूर्ण धागा लेकीला वाचायला दिला. तिने भाकरी_चटणीला सांगायला सांगितलंय की आम्ही आसरा चौकाच्या पुढे राहतो. कालव्याची पोस्ट तिने दोनदा वाचली. सात_रस्त्याच्या मुद्द्यावर आम्ही अर्धा तास भांडलो, आणि ती तुमच्या बाजूने होती.

मग मी तिला 'ट्रू लव्ह वेट्स' ऐकवलं, दोन्ही रूपं. हे गाणं त्यांनी 1995 मध्ये पहिल्यांदा मंचावर वाजवलं. कित्येकदा रेकॉर्ड करून पाहिलं, जमलं नाही. 2001 च्या थेट कार्यक्रमांच्या अल्बमवर थॉम एकटा, गिटार खणखणीत, तरुण आवाज. आणि मग 2016 मध्ये 'अ मून शेप्ड पूल'चं अगदी शेवटचं गाणं म्हणून आलं. गिटार गेली, फक्त पियानो, तोही एकमेकांवर चढत जाणारा, जणू दोन खोल्यांत दोन जण वाजवतायत. एकवीस वर्षं गेली मध्ये. त्याच काळात थॉम आणि त्याच्या मुलांची आई वेगळे झाले होते. शब्द तेच. शेवटची विनवणी तीच, जाऊ नकोस.

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं हा जायचं म्हणतोय, आणि शेवटच्या गाण्यात हाच दुसऱ्याला थांब म्हणतोय."

मी हे गाणं इतक्या वेळा ऐकलंय, मला हे कधी दिसलं नाही. मी फक्त गिटार गेली म्हणून हळहळत होतो.

नंतर तिने 2001 चं रूप परत लावायला सांगितलं आणि ते चालू असतानाच झोपली. इयरफोन मी काढून ठेवले.

कंबर_तलाव
रविवारी सकाळी साडेसहाला मी कट्ट्यावर असते, देवळाच्या बाजूला. लेकीला घेऊन या. येताना छोटा स्पीकर आणा, माझ्याकडचा बिघडलाय.

भाकरी_चटणी
मी शेंगाचटणी आणतो. दहा_मात्रा, तुम्ही 'व्हिडिओटेप'ची सम हातावर दाखवायची आहे.

लक्ष्मी_विष्णू_चाळ
मी पण येतो. 'एअरबॅग' नीट ऐकायचंय.